धूपगडाच्या मापानं

शेजारच्या दाराला कुलूप दिसलं, की पूर्वी समजायचं, मंडळी न्यू मार्केटला गेली असतील, दिवेलागणीपर्यंत येतील. आता आमच्या कोलार रोडवर कुलूप दिसलं की आधी देश विचारावा लागतो. तो अचूक सांगतो दूधवाला. 'तीसरे माले वाली आंटी कनाडा गई हैं, सितंबर तक दूध बंद.' कोणाचा मुलगा कुठं, सुनेला कितवा महिना, आजी-आजोबांचा मुक्काम कधीपर्यंत, ही सगळी नोंद त्याच्या वहीत दुधाच्या हिशेबाशेजारी असते. चूनाभट्टीपासून गोल जोडपर्यंत या सहा पदरी रस्त्याला लागून ज्या कॉलन्या उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांत माणसं दोन आणि बेडरूम तीन. तिसरी बेडरूम मुलांच्या नावाची. वर्षभर तिच्यात राहतात मात्र सूटकेसी.

भोपाळच्या मराठी माणसाला नातेवाइकांकडे जायची सवय तशी जुनीच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबंही इथं उतरली. पुढं भेलच्या कारखान्यानं आणखी आणली. इंदूर, ग्वाल्हेर, देवासची मंडळी नोकरीनिमित्त येत राहिली. म्हणजे इथल्या प्रत्येक मराठी घराचा एक पाय दुसऱ्या गावी. मे महिन्यात रजा मिळाली की तो पाय ओढ घ्यायचा. काकांकडे नागपूरला, आत्याकडे पुण्याला, मावशीकडे ग्वाल्हेरला. याला 'सहल' म्हणायचं धाडस कोणी केलं नाही. सहलीला पैसे लागतात. नातेवाइकांकडे जायला फक्त आंबे लागत.

डोंगर त्या प्रवासात फुकट मिळायचे. नागपूरला निघालं की बरखेडा-बुदनीच्या दरम्यान विंध्याचा उतार, साग आणि कातळ. मग नर्मदा. तिच्यात नाणं टाकण्यासाठी एवढी झुंबड उडायची, की पुलावरून पलीकडचे डोंगर कोणी बघतच नसे. इटारसी गेलं की सातपुडा. धाराखोहच्या घाटात गाडी दमून चालायची आणि डब्यातल्या पुऱ्या तिथंच संपायच्या. मुंबईहून परतताना कसाऱ्याला मागून इंजिनं जोडत, कारण पुढं इगतपुरीपर्यंतचा थळ घाट सदतीस फुटांमागं एक फूट चढतो. आम्ही मुलं त्या इंजिनांच्या धक्क्याची वाट बघत बसायचो. वडील खिडकीबाहेर बोट दाखवून 'बघा, बघा' म्हणायचे, तोवर बोगदा यायचा. आमच्या पिढीनं सह्याद्री पाहिला तो असा, बोगद्या-बोगद्यांच्या मधल्या फटींतून.

मुद्दाम उठून जायचा डोंगर एकच, पचमढी. आणि तिथंही आम्ही स्वतःसाठी कधी गेलो नाही; पाहुणे आले की गेलो. नणंदेचा मुलगा दर सुट्टीत आमच्याकडे यायचा. मामाचं गाव भोपाळ असलं की भाच्याला काय दाखवायचं, हा प्रश्न मोठा असतो. बडा तालाब एका संध्याकाळी संपतो. मग पचमढी. पिपरियापर्यंत रेल्वे, तिथून वर जीप, वळणावळणावर भाच्याच्या पोटात कालवाकालव आणि आमच्या पर्समध्ये आवळासुपारी. धूपगडावर सूर्यास्त बघायला शेकडो माणसं एका दिशेला तोंड करून उभी, आणि हे भाच्याला सांगताहेत, 'हे सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक, 1352 मीटर. लक्षात ठेव.'

त्यानं लक्षात ठेवलं की नाही माहीत नाही, यांनी मात्र कायमचं ठेवलं. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही उंचीचं आमच्या घरातलं माप म्हणजे धूपगड. पुण्याच्या दिरांनी एकदा कळसूबाई 1646 मीटर असल्याचं सहज सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, 'असेल. पण तुमच्याकडं वर गाडी जात नाही.' त्यानंतर पुण्याशी हा विषय निघालेला नाही.

तोच भाचा आता झुरिकला असतो. 'मामी, तुम्ही दोघं या. इथं आल्प्स आहेत,' असं तो फोनवर म्हणायचा. आल्प्स त्यानंच बसवून घेतल्यासारखं. मी म्हणायची, 'आम्हाला तू बघायचा आहेस, आल्प्स राहू दे.' आणि फोन ठेवल्यावर हे विचारायचे, 'आल्प्स म्हणजे किती धूपगड?'

निघायची तयारी हा आमच्या कॉलनीतला सार्वजनिक कार्यक्रम असतो. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो, हे मला वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी सांगितलं, एजंटानं नंतर. बॅग कोणी भरावी यावर मतं असतात. तुपाचा डबा, पेढे, श्रीखंडाची वडी यांना मनाई. दुधाचं काहीही बाहेरून नेऊ देत नाहीत. गायींच्याच देशात चालल्यामुळे हा नियम यांना वैयक्तिक अपमानासारखा वाटला. मग भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि इंदुरी शेव. वजनाचा काटा कॉलनीत एकच. तो या घरातून त्या घरात फिरतो आणि शेवटी कोणाच्या तरी बॅगेत चुकून परदेशी जातो. वजन वाढलं की आधी निघतात ते आपले कपडे. मेतकूट कधीच निघत नाही.

डोंगरापाशी राहणाऱ्या माणसाला पाहुणा आला की डोंगर दाखवायची घाई सुटते. भाच्यानं आम्हाला जेट लॅगमधून नीट उठूही दिलं नाही. इंटरलाकेनला उतरवलं. तिथं यश चोप्रांचा पुतळा आहे, 2016 साली बसवलेला. आपल्या माणसांची तिथं फोटोसाठी रांग असते. पुढं लाउटरब्रुनेनची दरी. तिथल्या बहात्तर धबधब्यांची ख्याती आहे, आणि त्यातला गावाच्या डोक्यावरून कोसळणारा श्टाउबबाख जवळजवळ तीनशे मीटर पडतो. हे मान वर करून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, 'जुलैत पचमढीला इतके नसतील, पण असतात.'

युंगफ्राउयोखला जाणारी रेल्वे मात्र खरोखर थक्क करते. झुरिकच्याच आडोल्फ गुयर-त्सेलर नावाच्या उद्योजकाची ही कल्पना. 1896 मध्ये काम सुरू झालं, तीन वर्षांत तो गेला, आणि गाडी वर पोचली 1912 मध्ये. क्लाइने शायडेक स्थानक 2061 मीटरवर, वरचं स्थानक 3454 मीटरवर, आणि मधली बहुतेक वाट आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून. दातेरी रुळावर चाक अडकवत गाडी वर सरकते. यांनी तिकिटाच्या पाठीवर वजाबाकी केली. 1393. 'म्हणजे गाडी एक अख्खा धूपगड चढते, आणि वर एकेचाळीस मीटर.' भाच्याची बायको हसून म्हणाली, 'मामा, इथल्या लोकांना हे सांगायला पाहिजे.' समोर बसलेल्या जर्मन बाईंना यांनी सांगितलंही. त्या अतिशय सौजन्यानं 'या, या' म्हणाल्या. हे 'आलोच आहोत' म्हणाले.

वर बर्फ, वारा, आणि वीस किलोमीटरहून लांब पसरलेली आलेच हिमनदी. ती दरवर्षी मागं हटते आहे, असं तिथले फलक सांगतात. पायाखाली पोलाद आणि काच, हातात गरम चहा, आणि उतरायचीही तीच आरामाची गाडी. मला त्या क्षणी पचमढीचा चौरागड आठवला. महाशिवरात्रीला विदर्भातून आणि छिंदवाड्याकडून माणसं येतात, खांद्यावर त्रिशूळ घेतात, काही त्रिशूळ तर दोघा-तिघांनी उचलावेत असे, आणि हजारांवर पायऱ्या चढून महादेवाला वाहतात. स्विस माणसानं डोंगर पोखरून स्वतःला वर नेलं, आपल्या माणसानं स्वतःला दमवून लोखंड वर नेलं. दोघांत कोण शहाणा, हा वाद मी यांच्यासमोर काढला नाही. खाली उतरेपर्यंत गाडी पुरली नसती.

पण खरी सहल भाच्याच्या स्वयंपाकघरात होती. झुरिकच्या इमारतींत रविवार म्हणजे शांततेचा वार. गवत कापायचं नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, ड्रिल तर नाहीच. कपडे धुवायची पाळी ठरलेली, ती चुकली की आपलेच कपडे आपल्याकडं बघत बसतात. अशा घरात रविवारी सकाळी मी कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा सूनबाई धावत आली आणि तिनं कुकरवर पंचा टाकला. दुसरी शिट्टी पंच्यातून झाली. तिसरी होऊ न देता भाच्यानं गॅस... म्हणजे वीज बंद केली. डाळ कच्ची राहिली, पण इमारतीत आमची पत राहिली.

मुक्कामाच्या सुरुवातीला बोलायला खूप असतं. कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, सर्वधर्मचा पूल किती रुंद झाला, न्यू मार्केटातल्या कुठल्या दुकानाची पाटी बदलली. हळूहळू हा साठा आटतो. त्यांच्या ऑफिसातली माणसं आपल्याला माहीत नसतात, आपल्या कॉलनीतली त्यांना. प्रेम असतं, विषय नसतो. मग जेवणाच्या टेबलावर चमच्यांचा आवाज मोठा होतो आणि कोणीतरी टीव्ही लावतं.

इथं डोंगर कामाला येतो. डोंगरासमोर चार माणसं गप्प उभी राहिली तर त्यांना कोणी 'काय झालं?' विचारत नाही. त्या शांततेची लाज वाटत नाही. लाउटरब्रुनेनला एका बाकावर मी आणि भाचा बराच वेळ बसलो होतो. तो मध्येच म्हणाला, 'मामी, पिपरियाच्या जीपमध्ये तुम्ही मला आवळासुपारी द्यायच्यात.' बस, एवढंच. फोनवर इतक्या वर्षांत हे निघालं नव्हतं. निघायला समोर तीनशे मीटरचा धबधबा लागला. तेव्हा लक्षात आलं, आमच्या वडिलांनीही गाडीच्या खिडकीतून डोंगर दाखवले ते काही भूगोल शिकवायला नव्हेत. घरी ज्यांच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलणं होत नसे, त्या मुलांच्या शेजारी बसून एका दिशेला बघायची ती त्यांची पद्धत होती. नातेवाईक बघायला जावं आणि डोंगर बरोबर घ्यावा, हाच क्रम बरोबर आहे. नुसते डोंगर बघितले तर फोटो होतात. नुसते नातेवाईक बघितले तर थोड्या दिवसांत भांडण होतं.

कोलार रोडला परतलं की एक गोष्ट हटकून मनात येते. आम्ही राहतो तो सगळा विंध्याचा प्रदेश. आमच्या नळाला येतं ते कोलार नदीवरच्या धरणाचं पाणी, आणि ती नदीही विंध्यातच उगवून नर्मदेला मिळते. या विंध्याची गोष्ट महाभारतात आहे. मेरूच्या मत्सरानं तो वाढत सुटला, सूर्याची वाट अडवली. देवांनी अगस्त्यांना पाठवलं. ते म्हणाले, 'मी दक्षिणेला जाऊन येतो, तोवर असाच वाकून राहा.' विंध्य वाकला. अगस्त्य गेले ते आलेच नाहीत. तिकडं त्यांचं बस्तान बसलं, आश्रम चांगला चालला, लोपामुद्रा बरोबर होतीच. आमच्या कॉलनीत ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की आमचे अगस्त्य रविवारी व्हिडिओ कॉल करतात आणि तिकिटं पाठवून विंध्यालाच तिकडं बोलावून घेतात. विंध्यही हौशी, मेतकूट घेऊन जातो.

पण मुलं-नातवंडं इकडं येतात तेव्हा आपण काय करतो? मॉलमध्ये नेतो. जे त्यांच्याकडं दहा पट मोठं आहे, ते त्यांना छोट्या आकारात दाखवतो, आणि ती मोबाईल काढून बसली की आपल्याला वाईट वाटतं. खरं तर कोलार रोडवरून गाडी काढली की तासा-सव्वातासात भीमबेटका येतं. 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेनं चालले होते. खिडकीतून त्यांना ते विचित्र आकाराचे कातळ दिसले आणि ते पुढच्या स्थानकावर उतरून तिकडं चालत गेले. त्या खिडकीतून त्याआधी हजारो लोकांनी, आमच्या आजी-आजोबांनीसुद्धा, पुऱ्या खात तेच कातळ पाहिले असणार. उतरला तो एक वाकणकर. त्यातून जगाला आदिमानवाची चित्रं मिळाली. युंगफ्राउ-आलेचचा परिसर 2001 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, भीमबेटका 2003 साली. आणि वयाचं म्हणाल, तर आल्प्स उभे राहिले ते काही कोटी वर्षांपूर्वी; भीमबेटक्याचा विंध्य वालुकाश्म त्यांच्याहून कितीतरी पटींनी म्हातारा. उंचीत आपण हरलो तरी वडीलकीत नाही.

तेव्हा कोलार रोडवरच्या समस्त आजी-आजोबांना एक विनंती. यंदा नातवंडं आली की मॉल एक दिवस मागं ढकला. पावसाळ्यात आली तर पचमढी, थंडीत आली तर भीमबेटका, आणि ऐन मे महिन्यातच आली तर पहाटे पाचला निघा, दहाच्या आत परता. वाटेत काही शिकवू नका, उंचीही सांगू नका. ते काम आमच्या घरात एक जण करतो तेवढं पुरे. फक्त त्यांच्या शेजारी बसा आणि डोंगराकडे बघा. बोलणं त्यांचं त्यांना सुचेल. आवळासुपारी मात्र विसरू नका, घाटात वळणं फार आहेत.