लस, रांग आणि कागद : लेस्टरहून हडपसरला
लेस्टर, २० ऑक्टोबर २०२१

ती. आई-बाबा,

ब्रिटनमध्ये कोरोना लशीची रांग वयावर लागली. ओळख, हुद्दा आणि 'आमचा एक माणूस आहे आत' या तिन्हींना त्यात जागा नव्हती, यावर हडपसरमध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ते खरे आहे. लसीकरणाच्या सल्लागार समितीने नऊ गट पाडले. पहिल्यात वृद्धाश्रमांतले रहिवासी आणि त्यांचे करणारे, दुसऱ्यात ऐंशीच्या पुढचे आणि दवाखान्यांतले कर्मचारी, मग पाच-पाच वर्षांनी खाली उतरत पन्नाशीपर्यंत. मधुमेहासारखी जुनी दुखणी असलेल्या तरुणांना अधेमधे सामावून घेतलेले. ज्याच्या जिवाला धोका जास्त, त्याचा दंड आधी, एवढेच तत्त्व. ८ डिसेंबर २०२० रोजी कोव्हेंट्रीच्या इस्पितळात ९० वर्षांच्या मार्गारेट कीनन यांना पहिली सुई टोचली. त्यांच्या पाठोपाठ नंबर लागला तो ८१ वर्षांच्या विल्यम शेक्सपिअर यांचा. ही थाप नाही. गृहस्थ वॉरिकशरचेच होते.

या क्रमाने लेस्टरच्या घरातली उतरंड मात्र उलटीपालटी झाली. सूनबाई इस्पितळाच्या औषध विभागात, म्हणून तिचा नंबर जानेवारीत. कर्ता पुरुष बावन्न वर्षांचा, त्याचा मार्चमध्ये. नात वीस वर्षांची, तिला जून उजाडला. घरात लस घेतलेली एकमेव व्यक्ती कोण, हा विषय दोन महिने रोज जेवताना निघे, आणि तो काढणारी व्यक्तीही तीच असे.

लस देण्याच्या जागाही नाना तऱ्हेच्या. सॉल्झबरीच्या कॅथिड्रलमध्ये ऑर्गनच्या सुरांत सुया टोचल्या गेल्या. फायझर घेतलेल्यांना नंतर पंधरा मिनिटे खुर्चीवर बसवून ठेवत. सहा-सहा फुटांवर मांडलेल्या खुर्च्यांवर इंग्रज माणसे एकमेकांकडे न बघता गप्प बसलेली. मराठी माणूस असता तर तेवढ्या वेळात शेजारच्याचे गाव, आडनाव आणि मुलीचे लग्न इथपर्यंत पोहोचला असता.

लशीबद्दल लोकांच्या मनातल्या शंकांचा इतिहास लेस्टरला नवा नाही. देवीची लस इंग्लंडातच एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीपासून काढली. १८०२ मध्ये जेम्स गिलरेने व्यंगचित्र काढले. त्यात लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई उगवताना दिसतात. आज कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारी 'लशीतून चिप टाकतात' ही बातमी त्या गाईंचीच पणती. १८५३ मध्ये तान्ह्या मुलांना लस सक्तीची झाली आणि दंड होऊ लागला, त्यावर चिडलेल्या लोकांनी १८८५ मध्ये याच लेस्टरमध्ये प्रचंड मोर्चा काढून जेन्नरचा पुतळा मिरवला. सक्तीतून सूट मिळवण्याची वाट १८९८ च्या कायद्याने मोकळी झाली. लस नाकारणाऱ्या या गावाने रोगी वेगळा ठेवायचा आणि त्याच्या संपर्कातल्यांना अडकवून ठेवायचे, ही पद्धत मात्र मोठ्या शिस्तीने राबवली. म्हणजे क्वारंटाइनचे महत्त्व ज्यांनी पटवले, ते लशीचे विरोधक होते.

या वेळी सर्वसामान्यांवर सक्ती नव्हती, समजूत होती. आशियाई आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत लस घेण्याचे प्रमाण कमी दिसू लागले, तेव्हा फेब्रुवारीत मीरा सयाल, संजीव भास्कर यांच्यासारख्या ओळखीच्या चेहऱ्यांना टीव्हीवर आणून लशीत मांस नाही, चिप नाही असे सांगावे लागले. सरकारी तक्त्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा. बाबांनीही आरोग्य खात्याची पत्रके वाचून लस घेतली नव्हती. समोरच्या बिल्डिंगमधले काका लस घेऊन दुसऱ्या दिवशी फिरायला आलेले पाहून घेतली होती.

दोन डोसांमधले अंतर हे नियोजनातले सगळ्यात नाजूक प्रकरण. आधी जास्तीत जास्त लोकांना निदान एक डोस मिळावा म्हणून ब्रिटनने ३० डिसेंबरला हे अंतर बारा आठवड्यांपर्यंत वाढवले. त्यावर डॉक्टरांतही वाद झाले, पण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दीड कोटी लोकांना पहिली सुई मिळाली. मग मे महिन्यात १३ तारखेला भारताने कोव्हिशिल्डचे अंतर बारा ते सोळा आठवडे केले, आणि १४ तारखेला ब्रिटनने विषाणूच्या डेल्टा प्रकाराच्या भीतीने पन्नाशीपुढच्यांसाठी ते बारावरून आठवर आणले. बाबांनी कालनिर्णयवर घातलेले वर्तुळ पुढे सरकले, लेस्टरमधल्या मुलाचे मागे आले. विज्ञान दोघांचे एकच होते. कुप्या किती हातात आहेत आणि विषाणू कुठवर पोहोचलाय, हे वेगळे होते.

कुपीवरून कोव्हिशिल्ड बनवणाऱ्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोष्ट निघते. ब्रिटनने सीरमकडे एक कोटी डोस मागितले होते. पन्नास लाख मार्चमध्ये पोहोचले, उरलेले भारतातली गरज वाढल्याने अडकले. मुलाच्या कार्डावरचा बॅच नंबर सीरमच्या कुप्यांसारखा ४१२० ने सुरू होतो, म्हणजे त्याला मिळालेली लस आईच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर तयार झाली. एप्रिलमध्ये पुण्यातली केंद्रे लस संपली म्हणून बंद होत होती, तेव्हा आईने फोनवर यावर जे भाष्य केले ते पत्रात लिहिण्याजोगे नाही.

पुढचा घोळ कागदांचा. जुलैमध्ये माल्टाच्या नियमामुळे हीच लस घेतलेल्या ब्रिटिश प्रवाशांना विमानात चढू दिले नाही, कारण युरोपच्या यादीत 'पुण्याची' लस नव्हती. ब्रिटनने त्यावर नाराजी दाखवली आणि सप्टेंबरात स्वतः तेच जाहीर केले : भारतात दोन्ही डोस घेतलेला माणूस लस न घेतलेला मानायचा आणि दहा दिवस घरात बसवायचा. आधी लशीवर शंका, मग 'लस चांगली, प्रमाणपत्राचे बघू' असा खुलासा. ४ ऑक्टोबरपासून भारतानेही इंग्रजांना तसेच दहा दिवस बसवायला सुरुवात केली. आठवड्याने, ११ तारखेपासून, ब्रिटनला कोव्हिशिल्डचे प्रमाणपत्र पटले.

त्यामुळे दिवाळीला येणाऱ्या ज्येष्ठांना आता घरात कोंडून घ्यावे लागणार नाही. विमानात बसण्याआधी पत्ता आणि प्रवासाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो इथून भरला जाईल. आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत एक चाचणी. प्रमाणपत्रावर नुसते जन्मवर्ष चालत नाही, पूर्ण जन्मतारीख लागते, तेव्हा लसीकरणाच्या कोविन पोर्टलवरून नवे काढून घ्यावे. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरी तारीख आहे, त्यांपैकी पासपोर्टवरची घालावी. फोटो काढून पाठवताना अंगठा मधे येऊ देऊ नये.