सोडेश्वर

घरच्या घरी जुन्या पद्धतीचा आइस्क्रीम सोडा करणारा गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या पुढे आणि मार्च ते मे या काळात आढळतो. फ्रिजवर ठेवलेला सोड्याचा जाळीदार सायफन ही त्याची मुख्य खूण. त्याला घरात कोणी हात लावायचा नसतो, पुसायलासुद्धा.

'आइस्क्रीम सोडा' म्हणून बाटलीत मिळतो तो आइस्क्रीम सोडाच नव्हे, हे त्याचे पहिले मत. ते बरोबर आहे. त्या बाटलीत व्हॅनिलाचा वास आणि साखर असते, आइस्क्रीम औषधालाही नसते. मस्तानीत आइस्क्रीम असते, पण सोडा नसतो. ती त्याच्या लेखी परधर्मीय. खरा प्रकार 1874 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीनने विकला, असे तो पाहुण्यांचे बूट निघायच्या आत सांगतो. त्या मानावर इतर दावेदारही आहेत, पण त्यांना या घरात प्रवेश नाही.

पाणी तो आदल्या रात्रीच गार करतो. शून्य अंशाच्या आसपासचे पाणी वीस अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वायू पोटात घेते. मग लिटरभराच्या सायफनला आठ ग्रॅम वायूचा बल्ब लागतो, 'फुस्स' होते आणि तो श्रोत्यांकडे असे पाहतो, जणू वायू त्यानेच भरला.

पुढची कृती सोपी आहे, म्हणूनच तिला वेळ लागतो. उंच ग्लासात दोन-तीन चमचे सिरप, त्यात चमचाभर आइस्क्रीम कालवायचे, ग्लास तिरका धरून कडेने सोडा सोडायचा आणि शेवटी वर गोळा. "आधी सिरपच का? सांगतो," असे म्हणून तो थांबतो. पोरे लांब दांड्याचे चमचे घेऊन ओळीने बसलेली असतात. वाटीतला गोळा त्या अवधीत कडेने पाघळू लागतो.

"आजोबा, नुसतं आइस्क्रीम द्या ना."

फेसाची कारणमीमांसा त्याला तोंडपाठ असते. आइस्क्रीममधली हवा आणि बर्फाचे बारीक कण यांच्यावर वायूचे बुडबुडे धरतात, दुधातली प्रथिने त्यांना फुटू देत नाहीत. म्हणून ग्लास वरून बोटभर रिकामा ठेवावा. पण चार माणसे बघत असली की त्याचा हात आवरत नाही. सगळे ज्ञान फेसाबरोबर टेबलक्लॉथवर उतरते. "अहो, परवाच धुतलाय तो," एवढेच आतून ऐकू येते.

सिरपात स्वदेशी बाणा दाखवण्याचा मोह या जातीला एकदा तरी होतो. कोकमाच्या आगळाने आइस्क्रीम फाटते आणि ग्लासात गुलाबी चोथा तरंगतो. त्याला तो 'प्रयोग' म्हणतो, आणि तो एकटाच पितो.

उरलेला सोडा रात्री लिंबू पिळून संपवला जातो. तळाशी चिकटलेले सिरप काढायला गरम पाणी आणि लांब ब्रश लागतो. ग्लास धुणे मात्र मूळ कृतीत दिलेले नाही, असे त्याचे म्हणणे आहे.