जोड्या जुळवणारे सर

गंगापूर रोडला निवृत्त फिजिक्सच्या सरांची वाण नाही. त्यातल्या एका जातीच्या सरांच्या स्कूटरच्या डिकीत स्थळांचे बायोडाटा असतात आणि अणुकेंद्रकावरचं एक खिळखिळं पुस्तक. आधी काय बाहेर निघेल, सांगता येत नाही.

मुलीच्या आईनं विचारावं, "मुलगा काय करतो?"

"सांगतो ना, वहिनी. आधी हे ऐका. निसर्गात स्थिर केंद्रकं अडीचशेच्या आसपास. त्यांत प्रोटॉनही सम, न्यूट्रॉनही सम अशी दीडशेच्या घरात. आणि दोन्ही विषम? ड्युटेरियम, लिथियम, बोरॉन, नायट्रोजन... एका हाताची बोटं पुरतात! एकट्यानं राहणं निसर्गालाच मंजूर नाही."

"पण पत्रिका..."

"पत्रिका कसली? प्रोटॉन प्रोटॉनशी जोडी करतो, न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी. एकाची फिरकी वर, तर दुसऱ्याची खाली. दोघं एकाच दिशेला फिरायला लागले की भांडण."

आंतरजातीय विवाहाला सरांचा भक्कम पाठिंबा आहे, तोही सुधारकी थाटाचा नव्हे. दोन न्यूट्रॉन वेगळे काढून दिले तर त्यांचा संसार टिकत नाही, प्रोटॉन-न्यूट्रॉनचा टिकतो. तो मोडायचा तर २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट मोजावे लागतात. फिजिक्स बरोबर असतं, हीच खरी अडचण. वाद घालायला जागा राहत नाही.

मंडईत तर सरांना टाळावंच. कांद्याला हात लावला की ते लासलगावला पोचतात. तिथं भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर तिथं कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात. २००७ साली अमेरिकेला गेलेला हापूसही तिथूनच किरण खाऊन गेला.

"या कोबाल्टात प्रोटॉन २७, न्यूट्रॉन ३३. दोन्ही घरांत एकेक बिनलग्नाचा! मग एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो. २८ आणि ३२. निकेल! सगळे जोडीनं. त्यात सुटलेली बरीचशी ऊर्जा गॅमा होऊन बाहेर पडते, आणि तुमचा कांदा टिकतो."

मागे चौतिशीच्या मुलाचे वडील ताटकळत उभे असतात. "आमच्याचं कधी जमेल, सर?"

"घाई नको. कोबाल्टातसुद्धा निम्म्यांचं जमायला सव्वापाच वर्षं लागतात."

उरलेल्या निम्म्यांचं विचारायचं धाडस त्यांना होत नाही.

तुमच्या घरी कुणी लग्नाचं असेल तर सरांकडे जरूर जा. पैसा घेत नाहीत, माणसं नीट पारखतात. फक्त जाताना पिशवीत कांदे नेऊ नका.