बॅटरीवरचा आळ

जुन्या मोटरसायकलचा हॉर्न घोगरा झाला आणि इंडिकेटर मिचकावायचं सोडून नुसताच मंद पेटून राहिला, की निदान करायला शिकलेला माणूस लागत नाही. पानटपरीवर उभे असलेले, आयुष्यात सायकलही न चालवलेले गृहस्थ लांबूनच सांगतात, “बॅटरी गेली!” बॅटरी डोळ्यांना दिसते, हाताला लागते, दुकानात मिळते. त्यामुळे तिच्यावर आळ घेणं सगळ्यांनाच सोयीचं जातं.

खरं म्हणजे गाडीतल्या विजेचा कारभार घरखर्चासारखा चालतो. इंजिनाबरोबर फिरणारं मॅग्नेट आणि त्याला खेटून बसलेल्या कॉईल कमावतात; फॅरेडेने १८३१ साली शोधून काढलेल्या नियमावर त्यांची नोकरी अजून टिकून आहे. ही कमाई एसी, म्हणजे क्षणात इकडे, क्षणात तिकडे धावणारी. रेक्टिफायर तिला एका दिशेचं वळण लावतो, रेग्युलेटर गरजेपेक्षा जास्त आलेली अडवतो. बॅटरी नुसती साठवते आणि हेडलाइट, ब्रेकलाइट, हॉर्न ही मंडळी उधळतात. कपाटातले पैसे संपले म्हणून कुणी नवं कपाट आणत नाही; बॅटरी मात्र नेमकी त्याच कारणासाठी बदलली जाते.

गंमत अशी, की हा चुकीचा उपाय काही दिवस अगदी बरोबर ठरतो. नवी बॅटरी दुकानातून भरूनच येते. हॉर्न गल्ली दणाणून सोडतो, टपरीवरच्या गृहस्थांची मान ताठ होते. मग हळूहळू पुन्हा तोच घोगरेपणा, आणि आता बॅटरी ‘डुप्लिकेट’ निघालेली असते. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर चढतो आणि ती खरोखरच निकामी होते. निर्दोष बॅटरीला दोषी ठरवायचं असेल, तर तिला पुरेसे दिवस उपाशी ठेवलं की झालं.

पूर्वी हा जमाखर्च गाडीवर उघड मांडलेला असे. बुलेटच्या हेडलाइटवर अँमीटर होता. दिवा लावून गाडी संथ ठेवली की काटा उणेकडे कलंडायचा, रेस दिली की अधिककडे यायचा. सहा व्होल्टच्या येझदीचा लाल दिवा रेस दिल्यावर विझला, तरच डायनॅमो कामावर रुजू झाला असं समजायचं. आरएक्स १००वाल्यांना तर बॅटरीची फिकीरच नसे. हेडलाइट थेट कॉईलवर, स्पार्कही बॅटरीवाचून पडणारा; बॅटरी मरून पडली तरी गाडी धावतच राही. फक्त हॉर्नचं काम मालकाला स्वतःच्या गळ्याने करावं लागे.

आता मल्टिमीटर स्वस्त झालं आहे आणि त्याला कुणाची भीड पडत नाही. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ बसलेली असताना १२.६च्या आसपास दाखवते. इंजिन रेसवर असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ वर गेला, तर कमाई येते आहे. जागचा हललाच नाही, तर ती घरापर्यंत पोहोचत नाही. पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटरने हात टेकले आहेत. मग बॅटरीतलं पाणी आटतं आणि बल्ब उडतात.

शोध घ्यावा तो स्वस्ताकडून महागाकडे. आधी टर्मिनलवरची हिरवी-पांढरी भुकटी. टर्मिनल सोडवून, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती धुवावी आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवावं. मग फ्यूज. मग कॉईलकडून येणाऱ्या तारांचा कपलर. तो तपकिरी पडून वितळला असेल तर पुढे विचारायलाच नको. कॉईल थ्री-फेज असेल, तर तिन्ही तारांत दोन-दोन धरून मोजलेला एसी सारखा भरायला हवा आणि एकीचाही बॉडीशी संबंध असता कामा नये. एवढं सगळं ठीक निघालं, तरच रेग्युलेटरची किंमत विचारायला जावं. पण त्याआधी अर्थचा बोल्ट. चेसिसला हौसेने नवा रंग मारला, की हा बोल्ट रंगाच्या थरावरच आवळला जातो. गाडी शोरूममधून काढल्यासारखी दिसते, आणि विजेची परतीची वाट बंद होते.

बऱ्याचदा घोटाळा इथेच असतो. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन थोडं घासलं, की आकडा चौदावर जातो आणि मालकाचा चेहरा पडतो. मोठा बिघाड निघावा असं कुणालाच वाटत नसतं. पण अख्खा रविवार घालवून, टपरीवरचे सगळे सल्ले ऐकून, शेवटी निघावा काय तर रंगाचा पापुद्रा, हेही मनाला पटत नाही. फुकटात झालेल्या दुरुस्तीवर माणसाचा भरवसा बसत नाही. म्हणून मुरलेला मेकॅनिक अर्थ घासून झाल्यावर मालकाला जवळ बोलावतो, त्याच्या देखत एक नवा फ्यूज बसवतो आणि पैसे त्या फ्यूजचेच घेतो.