पाच रुपयांची प्रशासकीय मान्यता

विद्यापीठातल्या गळक्या नळाशेजारी आता क्यूआर कोड चिकटवला आहे. वर ठळक अक्षरांत 'स्कॅन करा, समस्या मिटवा'. स्टिकर रंगीत, लॅमिनेशन केलेलं, कोपऱ्यात बोधचिन्ह. नळ पूर्वीचाच आहे आणि गळतोय तोही पूर्वीसारखाच, सेकंदाला एक थेंब. आवारात इतकं वक्तशीर दुसरं काही नसल्यामुळे एकदोन विभागांनी तासिका त्याच्यावर लावल्या असाव्यात.

वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. हा हिशोब जलसंवर्धनाच्या चर्चासत्रात पडद्यावर झळकला. चर्चासत्र याच नळाच्या वरच्या मजल्यावर होतं. टाळ्या पडल्या.

नळाला हवाय एक वायसर. अर्धा इंची, रबरी. गेटसमोरच्या हार्डवेअरवाल्याकडे पाच रुपयांना मिळतो. बसवायचा म्हणजे कॉक बंद करायचा, पान्याने नळाचं डोकं काढायचं, कुजका वायसर नखाने उचकटायचा आणि नवा दाबून बसवायचा. मामांचा चहा निवायच्या आत होणारं काम. मामा कोण हे सांगायला नको, प्रत्येक आवारात एक असतात. आयटीआयचा फिटर, कागदावर 'बहुकौशल्य सहायक (बाह्यस्रोत)', खिशात टेस्टर, कानाला पेन्सिल.

पण पद्धत म्हणून काही असते की नाही? स्कॅन केलं की फॉर्म उघडतो. त्यात 'नळ' हा पर्याय नाही, 'जलवितरण पायाभूत सुविधा' आहे. तो भरला की कनिष्ठ अभियंत्याकडे तक्रार जाते. ते पाहणी करतात, म्हणजे नळ गळताना बघतात, आणि 'नळ गळत असल्याचे दिसून आले' असा अहवाल देतात. मग अंदाजपत्रक. मग तीन कोटेशनं, बंद लिफाफ्यात, लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह. पाच रुपयांच्या धंद्यासाठी लेटरहेड छापणारा हार्डवेअरवाला अजून जन्माला यायचाय, त्यामुळे मामाच ओळखीपाळखीने तीन लिफाफे गोळा करतात. तिसऱ्यात वायसरचा दरच नसतो. त्यात हात पुढे केल्यावर आपोआप चालू होणारे सेन्सरचे नळ सुचवलेले असतात, आणि नेमका तोच लिफाफा वरच्या साहेबांना दूरदृष्टीचा वाटतो. टिपणी तयार होते. 'मान्यतेस्तव सादर' म्हणून ती वर चढते. लेखा विभाग हरकत काढतो: खर्च 'देखभाल' या शीर्षाखाली की 'दुरुस्ती'? आधीच्या वायसरने विहित आयुर्मान पूर्ण केले होते काय? नसल्यास जबाबदारी कोणावर निश्चित केली? जबाबदारी निश्चित करायला समिती, समितीला अध्यक्ष, अध्यक्षांना बैठक भत्ता. तोवर मार्च उजाडतो आणि तरतूद व्यपगत होते. एप्रिलमध्ये पुन्हा स्कॅन. एवढ्यात पहिल्यांदा तक्रार करणारी मुलगी एम.एस्सी. होऊन नोकरीला लागलेली असते, आणि तक्रार बंद करायचा ओटीपी तिच्याच मोबाइलवर जातो.

क्यूआर कोडच्या या काळ्यापांढऱ्या चौकटीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९९४ साली जपानमध्ये ती मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला निघाली. कुठला भाग कुठे आहे ते झटकन कळावं म्हणून. आमच्याकडे चौकट पोचली, सुटा भाग यायचाय. शिवाय ती तीस टक्क्यांपर्यंत खराब झाली तरी वाचता येईल अशी बनवता येते. ओल चढून भिंतीचा गिलावा खाली आला तरी तक्रार नोंदवायची सोय शाबूत.

बरं, मामांच्या सगळ्याच कामांना स्कॅन लागतं असंही नाही. साहेबांच्या बंगल्यातला गीझर एका फोनवर दुरुस्त होतो. दीक्षान्त समारंभाला हिरवळ कापायची, भाड्याच्या कुंड्या उतरवायच्या, मुलींच्या वसतिगृहात निघालेली धामण पोत्यात घालून टेकडीवर सोडायची, हे सगळं तोंडी. आणि उपाहारगृहामागचं चेंबर तुंबलं की? तेव्हा अंदाजपत्रक नाही, हरकत नाही, समिती नाही. 'मामा, जरा उतरून बघता का?' एवढंच. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा ग्रंथालयात आहे, बांधीव, क्रमांक घातलेला. त्या कायद्यावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले लोक त्याच उपाहारगृहात भजी खातात आणि खिडकीतून मामांचं डोकं जमिनीच्या पातळीखाली जाताना बघतात. एकालाही स्कॅन करावंसं वाटत नाही! वायसर वाया गेला तर चौकशी, माणूस वाया गेला तर ठेकेदाराकडे बोट. पगार तर दिवाळीपासून अडकलाय. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे १९७० सालच्या कायद्यातच लिहिलं होतं. ते कोणत्या शीर्षाखाली येतं, हे विचारायला लेखा विभागाला अजून सवड झालेली नाही.

असो. शेवटी मामांचा संयम संपला. त्यांनी खिशातले पाच रुपये घातले, वायसर आणला, बसवला. नळ थांबला.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. विद्यापीठाच्या मालमत्तेत विनापरवाना फेरफार, खरेदी प्रक्रियेला बगल, प्रलंबित तक्रारीचे कारण परस्पर नष्ट करणे. तिसरा आरोप कायदेशीरदृष्ट्या सर्वांत गंभीर मानला जातो. शिवाय भांडार विभागाचं वेगळं पत्र: बदललेला जुना भाग भांडारात जमा केल्याची पावती कुठे आहे? जुना वायसर जडवस्तू नोंदवहीत असल्याने निर्लेखन समितीपुढे मांडल्याखेरीज त्याची विल्हेवाट लावता येत नाही. पाच सदस्यांची समिती नेमली गेली आहे. पैकी दोघे बाहेरगावचे असल्यामुळे त्यांची राहण्याची सोय अतिथिगृहात केली आहे.

वायसर कचऱ्यात टाकला, असं मामांनी लेखी कळवलं. त्यावर उलट टपाली विचारणा झाली आहे की, ओल्या कचऱ्यात टाकला की सुक्या? मामा अडकलेत. वस्तू रबरी, म्हणजे सुकी, पण काढला तेव्हा वायसर ओला होता.