पांढऱ्याची पंचाईत

दिवेलागणीला रस्त्यावरून जाताना समोरच्या इमारतीतल्या खिडक्या बघाव्यात. एक खिडकी केशरी, तिच्या शेजारची निळसर, तिसऱ्या घरात जुनी ट्यूबलाइट असेल तर तिथे हिरवट झाक. पण त्याच केशरी घरात चहाला जाऊन बसलं की थोड्या वेळात तिथलं वर्तमानपत्र पांढरं दिसतं, कपबशी पांढरी दिसते आणि यजमान नेहमीच्याच रंगाचे. डोळा आणि मेंदू आपसात काहीतरी मिटवून टाकतात, आपल्याला विचारतही नाहीत. कॅमेऱ्याला असलं घरगुती मिटवामिटवीचं अंग नाही. पांढरं कशाला म्हणायचं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि स्टुडिओत हे सांगण्यावरच एका माणसाचं पोट असतं.

असा एक माणूस माझा मित्र आहे. पासपोर्टचे फोटो, स्थळासाठीचे फोटो, मुंजी, बारशी आणि अधूनमधून एखाद्या मसालेवाल्याची पाकिटं, असा त्याचा संसार. त्याच्या स्टुडिओत बसून मी उजेडाचं तापमान शिकलो. मेणबत्ती 1,900 केल्विनच्या आसपास, घरातला पिवळा बल्ब 2,700, दुपारचं ऊन 5,500, सावलीतला उजेड 7,000च्या पुढे आणि नुसत्या निळ्या आकाशाचा 10,000च्याही वर. हे केल्विन म्हणजे मुळात विल्यम थॉमसन. त्यांनी 1848 साली निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. 1892 साली ते लॉर्ड झाले तेव्हा ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव त्यांनी किताबाला घेतलं. नदीवरून लॉर्ड झाले, लॉर्डांवरून एकक झालं, आणि आता आमच्याकडे मुंजीच्या मांडवात एक पोरगा दुसऱ्याला ओरडून विचारतो, ‘केल्विन कितीवर ठेवलाय रे?’

यात नवख्याचा हमखास गोंधळ होतो. लोखंड तापवलं की आधी लाल, मग केशरी, मग पिवळं आणि शेवटी पांढरं होतं. वितळून जाण्याची भीती नसती आणि तापवतच राहिलो असतो, तर निळसर झालं असतं. म्हणजे निळा उजेड जास्त तापलेला. फोटोवाले मात्र केशरी उजेडाला उबदार म्हणतात आणि निळ्याला थंड. मला हे पटायला अजिबात वेळ लागला नाही. ज्या घरात फ्रीजमधली गारेगार पपईसुद्धा ‘उष्ण पडते’ म्हणून बाजूला सारतात, त्या घरात मी वाढलो आहे. तापमान आणि प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं आम्हाला लॉर्डांच्या मदतीशिवाय कळतं.

स्टुडिओतला फ्लॅश म्हणजे झेनॉन वायूने भरलेली काचेची नळी. तिच्यातून वीज सुटते आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. त्या उजेडाचं तापमान साधारण 5,500 ते 5,600, म्हणजे दुपारच्या उन्हाशी बेताबेताने जुळणारं. शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर ठेवलं आणि भिंगाचं छिद्र पुरेसं बारीक केलं, तर खोलीतली ट्यूबलाइट फोटोत उमटतच नाही. ती बिचारी आपली जळत राहते. मग कॅमेऱ्यावर 5,500 लावायचं आणि पांढरं कोणतं हे स्वतःच ठरवणाऱ्या ‘ऑटो’ला सुट्टी द्यायची. ऑटोवर माझ्या मित्राचा विशेष राग आहे, आणि हळदीचे फोटो पाहिल्यापासून माझाही. नवरी पिवळी, साडी पिवळी, झेंडूच्या माळा पिवळ्या. एवढं पिवळं पाहून ऑटो घाबरतं, उजेडातच काहीतरी बिघाड आहे असं ठरवतं आणि तत्परतेने निळं मिसळतं. हळद लागलेली मुलगी काविळीतून उठल्यासारखी फिकी दिसायला लागते. जो पिवळा रंग टिपण्यासाठी पैसे मोजले, तोच नेमका पुसून मिळतो.

एवढं सोपं असतं तर मित्राचे केस काळे राहिले असते. फ्लॅश 5,500चा असतो तो कारखान्यातून निघताना. पुढे त्यावर चढवलेल्या सॉफ्टबॉक्सचं कापड वर्षानुवर्षं तापून पिवळट पडतं. फ्लॅशची शक्ती कमी-जास्त केली की उजेडाचा रंगही सरकतो. जुन्या पद्धतीचे, दाब कमी करून चालणारे फ्लॅश मंद केले की तांबूस होतात. नवे, ठिणगी मध्येच तोडणारे, मंद केले की निळसर, कारण तोडला जातो तो शेवटचा तांबडा भाग. एका गालावर जुना आणि दुसऱ्यावर नवा असा फ्लॅश टाकला, तर एकाच माणसाचे दोन गाल दोन सासरचे दिसतात. शिवाय भिंती. मंगल कार्यालयांच्या मालकांना पिस्ता रंग कुणी विकला, याचा एकदा शोध घ्यायला हवा. फ्लॅश छतावर मारून उजेड मऊ करायला जावं, तर तो पिस्ता घेऊनच खाली येतो आणि अख्खं वऱ्हाड मळमळल्यासारखं दिसतं.

मागे पिवळे बल्ब असतील, तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन चढवून त्याला बल्बाच्या पातळीवर उतरवायचं आणि कॅमेरा 3,200ला आणायचा. नाटकाच्या प्रकाशयोजनेत काम केलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

या सगळ्यात सर्वांत फसवा रंग पांढरा. निवडणुकीच्या दिवसांत स्टुडिओत पुढारी येतात, फ्लेक्ससाठी. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, इतका पांढरा की समोर उभं राहवत नाही. नवशिक्याला वाटतं, चला, पांढरं आयतंच सापडलं, याच्यावरच कॅमेऱ्यातला पांढऱ्याचा तोल साधू. पण त्या शर्टाच्या शुभ्रपणात काळंबेरं नसलं तरी निळं असतं. जुनी कापडं पिवळी पडतात म्हणून आपल्या आज्या शेवटच्या पाण्यात नीळ घालत. पिवळ्यात निळं मिसळलं की डोळ्याला पांढरं वाटतं. आताच्या धुलाई पावडरीत असतात ती द्रव्यं अदृश्य अतिनील किरण घेतात आणि निळा उजेड परत देतात. फ्लॅशच्या नळीला अतिनील रोखणारा लेप नसेल, तर शर्ट चक्क निळा चमकतो. त्यालाच पांढरा मानून तोल साधला, तर साहेबांचा चेहरा पिवळा पडतो, आणि निकालाआधी चेहरा पिवळा पडलेला कुठल्याच पुढाऱ्याला परवडत नाही.

म्हणून राखाडी कार्ड. 18 टक्के उजेड परतवणारं, कुठलाही रंग नसलेलं. (तो 18चा आकडा उजेड मोजायच्या कामाचा; पांढऱ्याच्या तोलाला नुसतं बेरंग असणं पुरतं. तरी 18 टक्के स्टुडिओत एकदा कार्डावर आणि एकदा जीएसटीच्या रूपाने बिलावर भेटतातच.) फोटो सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात हे कार्ड देऊन एक फोटो घ्यायचा. एका आजींनी ते हातात धरायला साफ नकार दिला.

‘पाटी धरून फोटो काढायला मी काय चोऱ्या केल्यात?’

‘आजी, रंग नीट यावा म्हणून.’

‘रंगाचं वय राहिलंय का माझं? नातीचा काढ तसा.’

नातीचा फोटो स्थळासाठी होता, आणि खरी पंचाईत तिथेच. ‘जरा गोरी येऊ दे’ ही मागणी बहुधा मावशी करते, मुलगी आरशापाशी गेलेली असताना, हळू आवाजात. लोकांना वाटतं, कॅमेऱ्यात पांढऱ्याचं बटण आहे म्हणजे गोरेपणाची सोय झाली. प्रत्यक्षात त्या बटणाने माणूस फार तर केशरी होतो नाहीतर निळा. सावळा रंग ही काही उजेडाची चूक नव्हे, जी दुरुस्त करावी. पण हा घोळ केवळ आपल्या मावशांचा नाही. कोडॅक कंपनी 1950च्या दशकापासून छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुना पाठवत असे. त्यावर एक गोरी बाई, नाव शर्ली. तिची कातडी बरोबर उमटली की यंत्र बरोबर लागलं असं समजायचं. मग त्याच यंत्रातून आमच्या गव्हाळ, निमगोऱ्या आणि सावळ्या पिढ्या छापून निघाल्या. जुन्या अल्बममध्ये काका आहेत तेवढेच काळे की शर्लीने केले तेवढे, हे आता कोण सांगणार! माझा मित्र या बाबतीत हट्टी आहे. मावशीला तो ‘हो हो’ म्हणतो, आणि मुलगी आहे त्या रंगाची, आणि त्या रंगातच देखणी दिसेल असा उजेड लावतो. त्याच्या एकूण कसबात मला हेच सगळ्यात अवघड वाटतं.

परवा रात्री अकराला त्याला एका काकूंचा फोन आला. मुंजीचे फोटो पाठवले होते.

‘अहो, सगळे फोटो पिवळे आलेत.’

मित्राने स्वतःचा पडदा तपासला. राखाडी राखाडी होतं, भात भातासारखा होता. मग त्याच्या लक्षात आलं.

‘काकू, तुमच्या फोनमध्ये रात्रीचा मोड चालू असेल. तो पडदा पिवळा करतो. बंद करा बघू.’

‘तो नाही हो बंद करत मी, डोळ्यांना बरं वाटतं त्याने. त्यापेक्षा तुम्हीच फोटो जरा निळे करून पाठवा ना!’