फी द्यायला हात का आखडतो?

म्युच्युअल फंडाचा अर्ज फुकटात भरून देणारा, विम्याचा चेक न्यायला घरी येणारा, नव्या वर्षाचं कॅलेंडर आणून देणारा माणूस आपल्याला घरचा वाटतो. "नियोजन करून देतो, पंचवीस हजार फी होईल," असं तोंडावर सांगणारा मात्र लुटारू वाटतो. हा हिशेब साफ उलटा आहे.

फुकट सल्ल्याचे पैसे आपणच भरतो, फक्त ते जाताना दिसत नाहीत. फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधून वितरकाचं कमिशन वर्षानुवर्षं जात राहतं, मग तो वर्षभरात एकदाही फिरकला नाही तरी. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आले, त्यात हे कमिशन नाही. इक्विटी फंडात हा फरक साधारण अर्ध्या ते एक टक्क्याचा. एक टक्का म्हणजे किती? दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी २० वर्षं चालवली आणि वार्षिक १२ टक्के परतावा धरला, तर जवळपास १ कोटी होतात. ११ टक्क्यांनी ८७ लाखांच्या आसपास. साडेबारा लाखांचा फटका! एवढी फी कुणी मागितली असती तर आपण त्याला उंबरठा ओलांडू दिला नसता.

विम्याची तऱ्हा याहून वाईट. निवृत्त शिक्षकाच्या खात्यात ग्रॅच्युइटी जमा झाली की बँकेतले साहेब खुर्ची पुढे करतात, चहा मागवतात. "एफडीपेक्षा चांगलं आहे सर, इथे सही करा." दरवर्षी लाखाचा हप्ता भरायचा आहे, हे सरांना दुसऱ्या वर्षी कळतं. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत तोवर केव्हाच उलटलेली असते. या प्रकाराची मला मनापासून चीड येते.

फी घेणारा चांगला सल्लागार पहिल्या भेटीत काही गळ्यात मारत नाही. पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक, गृहकर्जाचं स्टेटमेंट, कपाटातल्या सगळ्या पॉलिसी मागतो. मुलगी बारावीला कधी, आईच्या औषधपाण्याला महिन्याला किती लागतात, गावचं घर बांधायचंय का, हे विचारतो. "ही एन्डोमेंट पेड-अप करा, आधी टर्म घ्या, गाडी दोन वर्षं थांबू द्या," असं तो बेधडक सांगू शकतो, कारण त्यात त्याचं कमिशन बुडत नाही.

महिन्याला दोन-तीन हजारच शिल्लक पडत असतील, तर ही फी परवडणार नाही. पीपीएफ आणि साधा इंडेक्स फंड पुरे. पण मुलांचं शिक्षण, घर, निवृत्ती असं सगळं एकदम अंगावर येत असेल, तर फी द्या. टक्केवारीवर नको, ठरावीक रकमेची. गुंतवणूक वाढली म्हणून सल्ल्याची किंमत का वाढावी?

नुसतं 'वेल्थ'चं व्हिजिटिंग कार्ड पाहून भुलू नका. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो, तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा. 'एआरएन' क्रमांक असेल, तर समोरचा वितरक आहे. आणि कोणीही असो, "तुम्हाला पैसे कुठून मिळतात?" हे पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.